परस्पर दिलेला नकार

छापखान्याच्या मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. त्या खोलीत ती एकतीस वर्षं पुस्तकं बांधत होती. छापील पानांच्या घड्यांचे फर्मे जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायचे, मग कडा कापायच्या. एखादं पान उलटं लागलं असेल तर तिच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. सगळे तिला ताई म्हणत. मालक वयाने तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. तिने कुणाला काही सांगितलं की ते ऐकायचं असतं, हे तिथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

तिने लग्न केलं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा. वडिलांनी त्याआधीच घर सोडलेलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोराला कुठेतरी ठेवू या. ताई म्हणाली, "कुठेतरी म्हणजे कुठे? माझ्याकडेच राहील." तेव्हापासून ते पोर तिचंच झालं. शाळा तिने निवडली, लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तिने चिकटवलं, मुलगीसुद्धा तिनेच बघितली. भाऊ सहा फूट वाढला, कानाजवळचे केस पिकले, त्याला स्वतःची मुलगी झाली, तरी घरात तो बाळ्याच राहिला. "बाळ्याला विचारून सांगते," असं ताई म्हणायची खरी, पण विचारायची क्वचितच. त्याच्या मनातलं आपल्याला कळतं, असं तिला वाटायचं.

एका सात मजली कचेरीत अपघात झाला. लिफ्टचं दार नीट बंद नसेल तर लिफ्ट हलू नये म्हणून एक स्विच असतो. त्या लिफ्टचा स्विच बिघडला होता आणि कुणीतरी त्यावरून वायर जोडून तो निकामी केला होता. तिसऱ्या मजल्यावर एक टंकलेखिका आत पाऊल टाकत होती, तेवढ्यात दार उघडं असतानाच लिफ्ट वर निघाली. ती बाई जागच्या जागी गेली. चौतीस वर्षांची होती.

त्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम बाळ्याकडे होतं. आदल्या दिवशी तो तिथे येऊन गेल्याची नोंद होती. पोलीस त्याला घरातून घेऊन गेले तेव्हा तो मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत बसला होता. जाताना ताईकडे बघून म्हणाला, "ताई, मी काही केलं नाही."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "तू घाबरू नकोस. मी आहे."

तिने वकील गाठला. छापखान्याच्या मालकांच्या ओळखीचा, पन्नाशी उलटलेला, जाड काचांचा चष्मा लावणारा. त्याच्या टेबलावर फायलींच्या अशा चळती होत्या की समोर बसलेल्याला त्याचं फक्त कपाळ दिसायचं. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. एका दिवसात चार कोर्टांत तारखा घेणारा, एका अशिलाशी बोलताना दुसऱ्याच्या नावाने हाक मारणारा. बाळ्याला जामीन मिळाला नाही. भावजय एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची, वर मुलगी लहान. त्यामुळे वकिलाकडे खेपा घालायचं काम ताईकडेच आलं. तसं ते येणारच होतं.

खटला उभा राहायच्या दोन महिने आधीची गोष्ट. ताई कोर्टाच्या आवारात वकिलाला गाठायला गेली. जिन्यावरून उतरताना, उजव्या हाताने फायली सावरत तो म्हणाला, "हे बघा बाई, सरकारी वकिलांकडून एक प्रस्ताव आलाय. निष्काळजीपणा झाला एवढं कबूल केलं तर दोन वर्षांत विषय संपेल. नाहीतर मोठ्या कलमाखाली खटला चालवणार म्हणतात. काय करायचं?"

ताई पायरीवरच थांबली. कबूल? ज्याने काही केलंच नाही त्याने कबूल करायचं? जन्मभराचा डाग? पोरीला शाळेत कुणी काय म्हणेल?

"काही कबूल करायचं नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ निर्दोष आहे. आणि हे त्याच्या कानावरसुद्धा घालू नका. आधीच खचलाय. उगाच भीतीपोटी हो म्हणून बसेल."

"बरं," वकील म्हणाला आणि पुढच्या कोर्टात शिरला.

एवढंच बोलणं. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. परतताना आपण भावाला एका खड्ड्यातून वाचवलं, असं वाटून तिला बरंच वाटलं होतं.

खटला अकरा दिवस चालला. इमारतीच्या व्यवस्थापकाने शपथेवर सांगितलं की वायर लिफ्टवाल्यानेच जोडली. वकिलाने त्याला तीन प्रश्न विचारले आणि खाली बसला. मग बाळ्या पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलांनी विचारलं, वायर तू जोडलीस का? बाळ्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत ताई ताठ बसली होती. "नाही," तो म्हणाला. "मी जोडली नाही."

नऊ वर्षांची शिक्षा झाली.

निकाल ऐकून भावजय मटकन खाली बसली. ताई उभीच होती. नऊ म्हणजे किती, तेच तिला कळत नव्हतं. मुलगी आठ वर्षांची होती. आठ आणि नऊ, सतरा. ही बेरीज मात्र तिच्या डोक्यात लगेच झाली.

अपिलासाठी सरकारी योजनेतून मोफत वकील मिळाली, पोरसवदा, सडपातळ, भरभर बोलणारी. ती ताईला मावशी म्हणायची. "मावशी, जुन्या वकिलांकडून सगळी फाईल आणा. एकही कागद सोडू नका." ताईने फाईल आणली. म्हणायला फाईल, खरं म्हणजे सुतळीने बांधलेलं गाठोडं. अशा अवस्थेतला कागद तिला बघवायचा नाही. रविवारी दुपारी तिने जेवणाचं टेबल पुसलं, तारखांप्रमाणे गठ्ठे लावले, गंजलेल्या टाचण्या काढल्या. जामिनाच्या अर्जाच्या पाठीला एक कागद चुकून टाचला गेला होता. तिने तो सोडवला.

सरकारी वकिलांचं पत्र. आरोपीने निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केल्यास दोन वर्षांच्या शिक्षेची शिफारस करू. आरोपीचं उत्तर तीन आठवड्यांत कळवावं. वर वकिलाच्या कचेरीचा पोच-शिक्का. बाकी कागदावर पेनाची एक रेघसुद्धा नव्हती.

ती ते पत्र कितीतरी वेळ हातात धरून बसली. जिन्यावरची ती दोन मिनिटं तिला आठवली. आठवली म्हणजे काय, ती विसरलीच कुठे होती? निकालाच्या दिवसापासून ती आठवण आत गिरमिटासारखी फिरत होती. पण तोंडी बोलणं हवेत विरून जातं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता ते कागदावर आलं होतं, तारखेसकट.

पत्र बघून वकील मुलगी खुर्चीतून उठलीच. "मावशी! हे त्यांनी तुमच्या भावाला दाखवलं होतं?"

"नाही," ताई म्हणाली. हे खरंच होतं.

"मग आपल्याला उभं राहायला जागा आहे. तडजोडीचा प्रस्ताव आला की तो अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य असतं. हो म्हणायचं की नाही हे अशिलाने ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. आपल्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, त्याला सांगितलंच नाही. दुसरी, सांगितलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं."

दुसऱ्या कुणी नाही. ताईने नुसती मान हलवली.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मधे काच होती आणि दोन्हीकडे फोन. बाळ्याची हनुवटी टोकदार झाली होती. ताईने पत्राचं सांगितलं. फोनमधून फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "ताई, दीड तर इथे बसल्या बसल्या झालं. मी घेतली असती. डोळे मिटून घेतली असती."

"पण तू तर काही केलं नव्हतंस."

त्याने मान खाली घातली. "वायर मीच जोडली होती."

ताईने फोन घट्ट धरला.

"स्विचचा सुटा भाग यायला चार दिवस होते. व्यवस्थापक मागे लागला, लोक सात मजले चढून वैतागलेत म्हणे, एक दिवस कसंतरी चालव. मी जोडली. दुसऱ्या दिवशी काढणार होतो. दुसऱ्या दिवशी मला दुसरीकडे पाठवलं. वकिलाला मी हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, आता जे बोललास ते परत बोलू नकोस." त्याने डोळे पुसले. "रोज ती बाई दिसते मला. आणि तो वकील... एका शब्दाने तरी सांगायचं होतं त्याने मला, ताई! एका शब्दाने! बाहेर आलो की पहिला त्याच्या दारात जाऊन उभा राहणार आहे."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वेळ संपल्याची घंटा झाली आणि ती सुटल्यासारखी उठली. या सुटल्यासारखं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

त्यानंतरचे महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. कामावर तिने एका ग्रंथाचे सोळा फर्मे उलटे शिवले. मालकांनी ते गुपचूप दुसऱ्याकडून उसवून घेतले, तेच जास्त लागलं. जेवण जाईना. भावजय कृतज्ञतेने म्हणायची, "ताई, तुम्ही ते गाठोडं उलगडलं नसतं तर कुणाला कळलं असतं?" ताई उठून नळ सोडायची आणि भांडी घासत बसायची, घासलेलीच.

मग जुन्या वकिलाचं शपथपत्र आलं. आपण चौदा तारखेला तुरुंगात जाऊन आरोपीला प्रस्ताव समजावून सांगितला, त्याने स्पष्ट नकार दिला, असं त्यात लिहिलं होतं. तुरुंगाच्या वहीत चौदा तारखेच्या भेटीची नोंदही होती.

"संपलं," वकील मुलगी म्हणाली. कपाळ तळहातांवर टेकून ती बसली होती. "भेट झाली हे खरंच आहे. बाळ्यादादा म्हणतात, दुसऱ्या कागदावर सही घ्यायला आले होते. पण शिक्षा झालेल्याच्या शब्दापुढे वकिलाचा शब्द. कुणी तिसरं माणूस हवं होतं, ज्याला माहीत असेल की त्यांनी सांगितलं नाही."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

मुलीने मान वर केली.

ताईने सांगितलं. जिना, फायली, दोन मिनिटं. स्वतःचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा. मुलगी लिहीत होती, मग लिहायची थांबली.

"मावशी, हे तुम्ही मला चार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो."

"बाळ्यादादांना माहीत आहे?"

"नाही. मी उद्याच जाऊन सांगते."

"आता नाही जाता येणार. तुम्ही दोघंही साक्षीदार झालात. आधी भेटलात तर म्हणतील ठरवून बोलले. जे सांगायचं ते कोर्टातच."

म्हणजे त्याने ते सगळ्यांच्या देखत ऐकायचं. रात्रंदिवस तिला तेवढंच दिसत राहिलं. एकदा तर तिच्या मनात आलं, साक्षीला जाऊच नये, आजारी पडावं. मग ती स्वतःवरच चिडली. नऊ वर्षं त्याने काढायची आणि आपल्याला एक सकाळ निभत नाही?

साक्षीच्या दिवशी तिने इस्त्रीची साडी नेसली. कोर्टाची खोली लहान होती, पंखा एका बाजूला कलून फिरत होता. न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. बाळ्या डाव्या बाजूला दोन शिपायांच्या मधे बसला होता. ती दिसताच तो हसला. कितीतरी महिन्यांनी दिसलेलं ते हसू बघून तिने मान वळवली.

तिने सांगितलं. त्याच्याकडे न बघता, न्यायाधीशबाईंच्या पेनाकडे बघत. "वकिलांनी मला विचारलं. मीच नको म्हटलं. त्याच्या कानावर घालू नका, असंही मीच म्हटलं. ते 'बरं' म्हणाले."

मग बेडीच्या साखळीचा आवाज आला. बाळ्या उभा राहिला होता. शिपायाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. आवाज अगदी सौम्य होता. "तुम्ही भावाला लहानाचं मोठं केलंत?"

"हो."

"आईसारखं."

"हो."

"त्याच्यासाठी तुम्ही काहीही कराल."

ताईला प्रश्नातली मेख कळली. पण खोटं बोलायला ती आली नव्हती. "हो," ती म्हणाली.

"दोष स्वतःवर घ्यायलाही तयार व्हाल?"

"घ्यायला कशाला? तो आहेच माझा."

"मी विचारतो तेवढंच सांगा. तयार व्हाल?"

"हो," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या विरुद्ध खरं बोलली होती, आणि तेच बहिणीची माया म्हणून बाजूला सारलं जात होतं.

दुपारी बाळ्याची साक्ष झाली. प्रस्ताव कळला असता तर घेतला असता, असं त्याने सांगितलं. वायर आपणच जोडली, हेही सांगितलं. सरकारी वकिलांनी जुन्या खटल्यातला त्याचा जबाब वाचून दाखवला. "शपथेवर तू म्हणालास, मी जोडली नाही. तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस?"

"तेव्हा."

"का?"

बाळ्याने पहिल्यांदा ताईकडे पाहिलं. "समोर ताई बसली होती," तो म्हणाला.

सहा आठवड्यांनी निर्णय आला. न्यायाधीशबाईंनी बहिणीची साक्ष खरी मानली. वकिलाने प्रस्ताव आरोपीपर्यंत नेला नाही, ही त्याच्या कर्तव्यातली गंभीर कसूर आहे, चौदा तारखेबद्दलचं त्याचं म्हणणं विश्वासार्ह नाही, असं त्यांनी लिहिलं. वकील मुलगी वाचत होती आणि भावजयीने ताईचा हात घट्ट धरला होता. मग मुलगी पान उलटून थांबली. आरोपीने भर कोर्टात शपथेवर गुन्हा नाकारला, शिक्षा होईपर्यंत नाकारतच राहिला, अशा माणसाने आधी मिळालेली कबुलीची संधी घेतली असती, असं मानायला पुरेसा आधार दिसत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

"म्हणजे?" भावजयीने विचारलं. "चूक झाली म्हणतात ना?"

"चूक झाली म्हणतात," मुलगी म्हणाली. "पण त्या चुकीने काही फरक पडला नसता म्हणतात." तिने वरच्या कोर्टाचं काहीतरी सांगितलं. तिचाच तिच्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

बाहेरच्या बाकावर जुना वकील बसला होता, दुसऱ्या कुठल्यातरी तारखेसाठी. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने चष्मा काढला, पुसला.

"बाई, तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं होतं," तो म्हणाला. "तेवढंच एक काम कमी झालं, असं वाटलं. त्या दिवशी खूप कामं होती."

ताईला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्या दिवशी घरी परतताना तिलाही बरंच वाटलं होतं. ती तिथून निघाली.

त्यानंतर तीन वेळा ती तुरुंगात गेली आणि तिन्ही वेळा शिपायाने बाहेर येऊन सांगितलं, तो भेटायचं नाही म्हणतो. भावजय एकटी आत जायची. ताई बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली थांबायची. भावजय परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा ती एवढंच म्हणाली, "ताई, मलासुद्धा विचारलं नाहीत तुम्ही. मी बायको होते त्याची." मुलीच्या शाळेत ताई पूर्वी सगळ्या सभांना जायची. ते तिने बंद केलं. भावजयीने जा म्हटलं तरच जायची.

छापखान्यात मात्र तिने एक केलं. लोक अजून म्हणायचे, "तुमच्या भावाला उगाच अडकवलं हो." पूर्वी ती मान डोलवायची. आता हातातली सुई थांबवून म्हणायची, "उगाच नाही. वायर त्यानेच जोडली होती. एक बाई गेली त्यात." समोरचा गोंधळून निघून जायचा. ती पुन्हा शिवायला लागायची.

चौथ्या महिन्यात तो भेटीला आला.

काचेपलीकडे बसला आणि फोन उचलला. ताईने काही बोलायची घाई केली नाही. ते तिला फार जड गेलं.

"वकिलावर राग काढायची सवय झाली होती," तो म्हणाला. "रोज थोडा थोडा. तू तेसुद्धा काढून घेतलंस."

"हो."

"शाळा तू ठरवलीस. काम तू ठरवलंस. मला गाड्यांच्या गॅरेजमध्ये जायचं होतं, माहीत आहे तुला?"

"नाही," ताई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुरुंग तरी मला ठरवू द्यायचा होतास." त्याला हसू आल्यासारखं झालं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "मला विचारायचं होतंस, ताई. मी भ्यायलो असतो, रडलो असतो, तुला वाटलं तसं हो म्हटलं असतं. पण मी म्हटलं असतं."

ताईने काचेवर हात ठेवला नाही. माफ कर म्हणायचं तिने मनाशी घोकलं होतं, तेही ओठांवर आलं नाही. माफी मागितली की तो बिचारा द्यायला बांधला जाईल, असं तिला वाटलं. अजून सहा वर्षं बाकी होती. बाहेर येईल तेव्हा मुलगी कॉलेजात असेल, आणि ती स्वतः, असली तर, म्हातारी.

घंटा झाली. दोन्हीकडची माणसं उठायला लागली.

"पुढच्या महिन्यात येऊ का मी?" तिने विचारलं.

बाळ्या उभा राहिला होता. तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे त्याने असं पाहिलं, जणू ताईच्या जागी दुसरंच कुणी विचारत होतं.

"पुढच्या महिन्यात नको," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या महिन्यात बघू. मी कळवतो."

"बरं," ताई म्हणाली. त्याने फोन जागेवर ठेवला आणि शिपायाच्या मागून आत गेला.